करपट वास आणि माझे सासरे

जगात कुठेही काहीही करपलं, तर त्याचा वास सर्वांत आधी माझ्या सासऱ्यांना येतो. ज्याचं करपलंय त्याला नंतर. हे मी जावयाच्या आदरापोटी म्हणत नाही, सोसून म्हणतोय. आमच्या लग्नात चौथी मंगलाष्टका चालू असताना वधूपित्याने हात वर करून भटजींना थांबवलं. मांडव चिडीचूप. मुलीच्या बापाला ऐन वेळी अक्कल सुचली असं माझ्या काकांना वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. सासरे मात्र सरळ लाउडस्पीकरवाल्याकडे गेले, त्याच्या ॲम्प्लिफायरला नाक लावलं आणि म्हणाले, "बंद कर. आतलं वाइंडिंग जळतंय." तो हसला. पुढच्या मंगलाष्टकेला 'शुभमंगल' एवढं ऐकू आलं आणि 'सावधान'च्या जागी फट् असा आवाज होऊन धूर निघाला. थोडक्यात, माझं लग्न कुणीही सावध न करता लागलं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी हीटरच्या कॉइल गुंडाळल्या. तार सगळीकडे सारख्या वेढ्यांनी बसली की कॉइल सारखी तापते. एक वेढा जरी दुसऱ्याला चिकटला तरी तेवढ्याच जागी लालबुंद होऊन जळते. या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं आणि माणसंही त्याच मापाने मोजली. कुणी तापट भेटला की म्हणायचे, "याचा एक वेढा चिकटलाय." निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सगळ्या वसाहतीचे मिक्सर, इस्त्र्या, गीझर येऊ लागले. मिक्सरचं नुसतं बटण बिघडलेलं असलं तरी ते तो शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायचे. "पोटात काय आहे ते न बघता माणूस घरी पाठवायचा का?" असं त्यांचं म्हणणं. बसमध्ये बसले तरी दर दोन स्टॉपला उठून ड्रायव्हरला सांगणार, "क्लच जळतोय तुमचा." एकदा ड्रायव्हरने, "आजोबा, तुम्हीच या इकडे," म्हटल्यावर ते खरंच जायला निघाले, सासूबाईंनी शर्ट धरून खाली बसवलं.

माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं असं नव्हतंच. लग्नानंतरच्या सात वर्षांत आमचा संवाद दर रविवारी दोन वाक्यांचा. "आलात?" "हो." "जेवून जा." "हो." मी विमा विकणारा माणूस, माझ्यात उघडून बघण्यासारखं काही नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलेलं. तशी माझी स्वतःबद्दलही फार मोठी समजूत नव्हती. चार वेळा सिगरेट सोडून पाच वेळा धरलेला माणूस मी. शेवटी ऑफिसातल्या एकाने कुठूनतरी एक व्हेप आणून दिलं: बोटाएवढी बॅटरी, वर लिक्विडची कुपी, आत तारेचं वेटोळं आणि त्यात कापसाची वात. बटण दाबलं की तार तापते, वातीतलं लिक्विड उडतं आणि आपण ती वाफ ओढायची. "याने सिगरेट सुटते," तो म्हणाला. सुटली. हे धरलं. आणि पंधराच दिवसांत त्याला अशी करपट चव यायला लागली की ओढताना कोणीतरी घशात गोणपाट जाळतंय असं वाटावं. मला वाटलं, चला, देवाला दया आली. आता किळस येईल आणि हेही सुटेल.

पण रविवार होता आणि मी वर्तकनगरला होतो. गॅलरीत उभा राहून मी चोरून एक झुरका घेतला आणि आत सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "काहीतरी करपतंय." सासूबाई म्हणाल्या, "माझं काही नाही." त्यांनी फ्रिजच्या मागे वास घेतला, पंख्याखाली उभं राहून घेतला, टीव्हीच्या पाठीला नाक लावलं आणि हळूहळू, मांजर उंदराकडे यावं तसे माझ्याकडे आले. "तुमच्या खिशात आहे," ते म्हणाले.

मी व्हेप काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि मान खाली घातली. या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. त्यांनी चष्मा लावला, ते उलटंपालटं केलं.

"आत कॉइल आहे ना?"

"हो."

"कुणी गुंडाळली?"

"चीनमधून आलंय बाबा ते."

"वाटलंच," असं म्हणून ते टेबलाशी जाऊन बसले. जी कुपी उघडायची नसतेच ती त्यांनी ब्लेडने उघडली, काळी पडलेली वात चिमट्याने बाहेर काढून पेपरवर ठेवली आणि माझ्याकडे, सात वर्षांत पहिल्यांदाच, कुतूहलाने बघितलं. "या बसा," ते म्हणाले. "कसं ओढता, सगळं सांगा."

या वस्तूवर आपल्याकडे बंदी आहे हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचा अर्थ त्यांनी एवढाच घेतला: "म्हणजे सर्व्हिस सेंटर नाही." मग सुरू झालं माझं शिक्षण. लिक्विड भरल्या भरल्या ओढायचं नाही, वात पुरती भिजायला दहा मिनिटं द्यायची. कोरडी वात तापली की संपली. झुरक्यावर झुरका मारायचा नाही, मध्ये वातीला पुन्हा प्यायला वेळ द्यायचा. लिक्विड तळाशी जाण्याआधी भरायचं. बॅटरीचा जोर कमीत कमी ठेवायचा. आणि माझं ते आंब्याच्या चवीचं गोड लिक्विड त्यांनी सरळ मोरीत ओतलं. "आमरस कुणी तारेवर तापवतं का? साखर जळून तारेवर पुटं चढलीयेत." नवी तार त्यांनी सुईवर गुंडाळली, सात वेढे, दोन वेढ्यांत केसाएवढी जागा. कापूस सासूबाईंच्या निरांजनाच्या डब्यातला.

"अहो, देवाचा कापूस आहे तो!" सासूबाई ओरडल्या.

"मग देवाच्या वातीला काजळी धरलेली चालते का तुला?"

मी झुरका घेतला. करपट चव पार गेलेली. ते टेबलापलीकडून परीक्षेचा निकाल बघावा तसे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण चव समजायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरं मीटर नव्हतं. "कशी आहे?" "एकदम साफ, बाबा." ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि माझ्या सुटकेची शेवटची आशा मावळली हेही मला तेव्हाच कळलं. घरी कोपरला परतताना ही, म्हणजे माझी बायको, स्कूटरवर मागे बसून सबंध रस्ता एकच बोलत होती, "बाबांनी तुझं व्यसन सोडवायचं की सर्व्हिसिंग करून द्यायचं?" हेच तिने पुढच्या रविवारी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "व्यसन त्यांचं आहे, ते त्यांनी बघावं. करपलेलं मी चालवून घेणार नाही."

वर्षभर असं चाललं. किळस येईल तर सुटेल, आणि किळस येण्याआधीच रविवार येत असे. चांगल्या स्थितीतल्या व्यसनासारखी वाईट गोष्ट नाही. पण खोटं कशाला बोलू, आमच्या रविवारात आता दोनांच्या जागी दोनशे वाक्यं होती. कारखान्यात भट्टीची कॉइल गेली तेव्हा मालकाने कसं रविवारी घरी माणूस पाठवलेला, लग्नाआधी ते सासूबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांच्या घरातला दिवा कसा दुरुस्त करून आले, ही लहानपणी कशी रडायची, हे सगळं मला त्या टेबलाशी कळलं.

मग गणपतीच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हातातली बशी वाजायला लागली. आधी हलकेच, मग चहा सांडण्याइतकी. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, आणि या आजारात नाकाचा वासही जातो असं म्हणाले. "वर्षभर यांची वात सांभाळली," ते म्हणाले, "आता ही एक." त्यावर सासूबाई हसल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी गुंडाळलेल्या कॉइलचे दोन वेढे चिकटलेले होते. मी झुरका घेतला. गोणपाट.

"कशी आहे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने टेबलाखाली दाबून धरला होता.

"एकदम साफ, बाबा."

निघताना सासूबाई जिन्यापर्यंत आल्या. "खरंच साफ आहे?" त्यांनी विचारलं. मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. त्या म्हणाल्या, "तसंच सांगत राहा हो. आता कुणी काही आणून देत नाही यांच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मिक्सरचा शॉक बसला यांनी दुरुस्त केल्यावर, तेव्हापासून बंदच झालं सगळं. तुमचं ते एक येतं रविवारी. शनिवारपासून सुई पुसून ठेवतात."

म्हणून मी सांगत राहिलो. दर रविवारी ते अर्धा-पाऊण तास त्या तारेशी झगडायचे. आम्ही सगळे त्या वेळी टीव्हीकडे बघायचो, आणि टीव्ही बंद असायचा. मग मी त्यांच्यासमोर तीन झुरके घ्यायचो, डोळ्यांत आलेलं पाणी जांभईत लपवायचो आणि "साफ" म्हणायचो. बाकीचे सहा दिवस ती वस्तू कपाटात पडून असायची, कारण तसलं काही माणसाने आपण होऊन ओढणं शक्यच नव्हतं. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की माझं व्यसन सुटलं आहे. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी मी धडपडलो ते घडलं होतं, आणि ज्यांच्यामुळे घडलं त्यांनाच ते सांगायची सोय नव्हती. आता मी व्हेप ओढत होतो तो फक्त सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी नेहमीसारखं "साफ" म्हटलं आणि व्हेप खाली ठेवणार, तेवढ्यात त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. काय करतायत हे कळायच्या आत त्यांनी तोंडाला लावून ओढलं. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिला झुरका. असा ठसका लागला की सासूबाई पाणी घेऊन धावल्या, हिने पाठ चोळली. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी व्हेप टेबलावर ठेवलं.

"करपलेलं आहे," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि तुम्ही ओढत होतात?"

"फक्त इथे. घरी नाही ओढत, बाबा. सुटलंय माझं."

मला वाटलं, निदान या बातमीने त्यांना बरं वाटेल. त्यांनी ती ऐकलीच नाही. "तुम्ही मला खोटं रीडिंग दिलंत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चार महिने. हात हलतो हे मला माहीत आहे, नाक गेलंय हेही. पण काम बरोबर होतंय, असं समजून मी चाललो होतो. मीटर खोटं निघालं की माणसाने जायचं कुठे?" मग त्यांनी ते व्हेप सुटं केलं, बॅटरी वेगळी केली, बाकीचं केराच्या डब्यात टाकलं आणि सुई सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिली. त्यांच्या हातातून ती दोनदा पडली. आम्ही कुणी उचलली नाही, त्यांनीच उचलली.

पुढचे तीन रविवार पुन्हा "आलात?" आणि "जेवून जा." सिगरेट नाही, व्हेप नाही, ऑफिसात लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला त्यांना मारावंसं वाटत होतं. तिसऱ्या रविवारी घरी येताना ही म्हणाली, "मीपण खोटं बोलले असते रे." तेवढंच. 

चौथ्या रविवारी टेबलावर एक जुनी कॉइलची शेगडी मांडलेली होती. कुणाची ते मी विचारलं नाही. "बसा," सासरे म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही करा." मी म्हटलं, "बाबा, मला नाही येणार." "नाहीच येणार," ते म्हणाले, "आणि नाही आलं तर मी 'नाही आलं' असंच सांगेन." नवी कॉइल सारखी ताणून मातीच्या खाचेत बसवायची होती. मी ताणली, निम्मी सैल, निम्मी घट्ट. बटण दाबल्यावर एका कोपऱ्यात लाल ठिपका उमटला आणि बाकीची काळी राहिली. "बेकार," ते म्हणाले. "काढा." पुन्हा बसवली. "बेकार." माझा अंगठा भाजला, सासूबाईंनी त्यावर पाणी ओतलं, ही दारात उभी राहून हसायला लागली. एकदा त्यांनी न राहवून माझ्या हातावर हात ठेवला, ताण किती द्यायचा ते दाखवायला. त्यांचा हात हलत होता, म्हणून माझाही हलायला लागला. त्यांनी तो काढून घेतला. "असं नको," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं ऐका."

त्याला आता बरेच महिने झाले. मी अजून वाईटच आहे. गेल्या रविवारी मला "बरं" मिळालं, पण ते खरं होतं. हा आजार मागे फिरणारा नाही असं डॉक्टरांनी हिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि सासऱ्यांनी आम्ही आत गेल्यावर आमच्या तोंडाकडे बघून ते ओळखलं. अलीकडे त्यांचा आवाजही बारीक होत चालला आहे. तार, ताण, वेढा, एवढे शब्दसुद्धा टेबलापलीकडून नीट पोचत नाहीत. मी "काय?" असं विचारत नाही. स्टूल थोडं त्यांच्याजवळ ओढून घेतो.