जाऊबाईंच्या झाडांची पाठवणी

जवळ सरक अशी, आणि तो मोबाईल पालथा ठेव. पौडच्या तालुका कचेरीत खेपा घालतेस, पण तिथून पुढंच माझं गाव आहे ते तुला आठवत नाही, याला काय म्हणायचं गं? आता मुकाट्यानं ऐक. अख्ख्या मुळशी तालुक्यात झाडाची लेकीसारखी पाठवणी करणारी बाई एकच, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ.

आमच्या गावात बायांचं बागकाम मंडळ आहे. महिन्यातून एकदा देवळाच्या मंडपात जमायचं, आपलं रोप द्यायचं, दुसरीचं घ्यायचं, चहा प्यायचा, संपलं. शेजारच्या नांदे गावातल्या नव्या बिल्डिंगांतल्या बायाही गाड्या काढून येतात. बाकीच्या रोप देतात नि विसरतात. जाऊबाई मात्र कुंडीला हळदकुंकू लावणार, पिशवीत मूठभर परसातली माती बांधून देणार, "नवी जागा हाय, रुळंस्तवर हीच घाला" म्हणून बजावणार, आणि वर घेणारीची उलटतपासणी. "ऊन कुटल्या अंगानं येतं? पानी तू घालनार का सून? सुनंचा काय भरवसा." सून शेजारीच उभी असायची. मी मंडपाचे खांब बघत बसायची.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला बोलले असते? पण पंधरा दिवस गेले की या न सांगता बघायला जाणार, आणि पोरीच्या सासरी एकटीनं जाणं बरं दिसत नाही म्हणून मला ओढणार. नांद्याला चौथ्या मजल्यावर जास्वंद दिली होती. खाली वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है?" जाऊबाई म्हणाल्या, "जास्वंदीला." वर गेलो तर ती एसीच्या गरम वाऱ्यापुढं उभी, पानं करपलेली. घरातल्या बाईनं बिचारीनं चहा टाकला होता. जाऊबाईंनी कुंडी काखेत मारली. "च्या ऱ्हाऊ द्या. आमी तिला माहेरी नेतो." चहा घ्यावा की चपला घालाव्यात, मला कळेना. परतीच्या एसटीत खिडकीची जागा जास्वंदीला आणि मी दांड्याला लोंबकळत. कंडक्टर हसला, तर त्यालाच म्हणाल्या, "आजारी हाय ती. वारं लागू दे."

अशी आणखी दोन-तीन घरं झाली आणि बाया शहाण्या झाल्या. यांचं रोप पुढं आलं की, "जागा न्हाई वो आक्का," नाहीतर, "आमी गावाला चाललोय, पानी कोन घालील?"

मागच्या खेपेला जाऊबाई टेंपो भरून आल्या. सगळं परसच उचलून आणलं होतं. कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या मुलानं घरामागची जागा विकली, बिल्डरची भिंत आता यांच्या मोरीला टेकणार. बाकी कुणाला माहीत नव्हतं. त्या सांगणाऱ्यातल्या नव्हेत. बायांनी एकमेकींची रोपं घेतली, चहा झाला, आणि यांच्या कुंड्या हळदकुंकू लेवून भिंतीशी तशाच. मी बोलायला हवं होतं. पण नांद्याची ती बाई समोरच बसलेली, आणि मी आपली कपबशा गोळा करत राहिले, जणू माझं यांच्याशी नातंच नाही.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. म्हणाल्या, "न्या गं बायांनो. मी न्हाई येनार बघाया."

नांद्याची बाई पहिली उठली आणि तिनं पुन्हा जास्वंदच उचलली. मग एकेक करून सगळ्या उठल्या.

जाऊबाईंनी शब्द पाळला बघ. नांद्यावरून जाताना एसटीत तोंड दुसरीकडं करून बसतात. मी शेजारी असते, पण मला त्यांच्याकडं बघवत नाही.

एक अनंताचं रोप तेवढं उरलंय, माझ्या दारात आहे. ते तू ने. नेलंस की आठ दिवसांनी त्यांना फोन कर. पानं पिवळी पडलीत म्हण, जरा येऊन बघता का म्हण. पडली नसली तरी म्हण. रोप न्यायला लवकर ये गं.