साडूंची पाठ आणि वरणाची बादली

पाठ दुखणारी माणसं हैदराबादेत गल्लोगल्ली सापडतील, पण पाठीला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाइतकं मानाने वागवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझी बायको शेंडेफळ आणि तिची ताई थोरली, त्यामुळे आम्हा दोघा साडूंच्या वयात चांगलं सोळा-सतरा वर्षांचं अंतर. मी नोकरीपायी पुण्याहून येऊन कुकटपल्लीत फ्लॅट घेतलेला माणूस. ते पिढीजात हैदराबादचे, बरकतपुऱ्यात राहणारे, नारायणगुड्याच्या एका शाळेत उभी हयात गणित शिकवून निवृत्त झालेले. दुखणं सुरू झाल्यावर एकदा मी रीतीप्रमाणे "कसं काय?" म्हणून विचारलं आणि पाऊण तास दारातच अडकलो, हातात दह्याचं भांडं घेऊन.

सहा-सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरून त्यांना सांगितलं, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याचे सांधे झिजलेत, मधली गादी बसली आहे, हा संधिवात आता मुक्कामाला आलाय, त्याच्याशी जमवून घ्यायचं. दुसरा कुणी खचला असता. साडूंना निवृत्तीनंतर दोन नवे विद्यार्थी मिळाले. "चौथा तसा गरीब आहे हो," ते मला सांगत, "पाचवा त्याला बिघडवायलाय." सकाळी उठलं की आधी या दोघांची हजेरी, मग दात घासणं. तो एक्स-रे त्यांनी दिवाणखान्याच्या खिडकीला, उजेड आरपार येईल असा चिकटवला होता आणि आल्यागेल्याला ते फूटपट्टीने दोघांची ओळख करून देत. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस सहज कमरेला हात लावून उभा राहिला. झालं. त्याला खुर्चीवर बसवून तासभर शिकवणी झाली, चार व्यायाम त्याच्याकडून जागेवर करवून घेतले, आणि निघताना स्वतःची जुनी शेकायची पिशवी त्याला भेट दिली. या सगळ्यात सिलिंडर दारातच राहिलं, ते ताईंनी एकटीने आत ओढून नेलं.

दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं डॉक्टर दर खेपेला विचारतात. माणसं आठ-नऊ सांगून मोकळी होतात. साडू डोळे मिटून, ओठ हलवून, उत्तरपत्रिका दोनदा तपासल्यासारखं करत आणि म्हणत, "साडेसहा." एकदा तर खुर्चीतून उठता येईना, मी आणि रिक्षावाल्याने दोन बाजूंनी धरून नेलं, तेव्हाही आकडा सव्वासातच्या वर सरकला नाही. बाहेर आल्यावर मी वैतागून म्हटलं, "अहो, सरळ दहा सांगायचं ना. औषध तरी जरा बरं दिलं असतं." साडू शांतपणे म्हणाले, "पैकीच्या पैकी मी जन्मात कुणाला दिले नाहीत. ह्याला आत्ताच दिले तर हा पुढं मेहनत करंल का?"

कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी खुर्च्यांची विचारपूस. मऊ सोफा त्यांचा सात जन्मांचा वैरी. आमच्या मराठी मंडळातले एक जुने गृहस्थ वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. सगळे सतरंजीवर माना खाली घालून बसलेले. साडूंनी सोफा हाताने दाबून पाहिला, नाक मुरडलं, प्लास्टिकची खुर्ची हलवून पाहिली, आणि कोपऱ्यातल्या उंच पाठीच्या शिसवी खुर्चीत जाऊन बसले. खोलीत कुजबुज झाली. ती गेलेल्या माणसाची खुर्ची होती. चार दिवस तिच्याकडे कुणी नीट पाहिलंही नव्हतं. मला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. साडूंनी पाठ टेकली, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, माणूस समजदार होता." त्या माउलीला रडता रडता हसू फुटलं. मग ती खुर्ची कुठे सापडली, आणताना जिन्यात कशी अडकली, त्यावरून नवरा-बायकोचं कसं वाजलं, हे सगळं तिने आम्हाला अर्धा तास सांगितलं. निघताना तिचा मुलगा मला म्हणाला, की आई इतके दिवस कुणाशी बोललीच नव्हती.

हा सगळा थाट एका बाजूला आणि भाद्रपदातली पंगत एका बाजूला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक दिवस महाप्रसाद असतो. हॉलभर सतरंज्यांच्या पट्ट्या, समोर केळीची पानं आणि मांडी घालून बसलेली ऐंशी माणसं. चाळीस वर्षं तिथल्या वरणाच्या बादलीला साडूंशिवाय दुसऱ्याचा हात लागला नव्हता. वाढप्यांतही पायऱ्या असतात. नवखा मीठ-लिंबू वाढतो, हात जरा बसला की कोशिंबीर, मग भाजी. वरण ही सगळ्यात वरची पायरी, कारण भाताच्या मुदीवर वरण पडताना आवाज होता कामा नये आणि शेजारणीच्या साडीवर थेंब उडता कामा नये. त्यासाठी पळी पानाच्या जवळ जाईपर्यंत वाकावं लागतं. "वरून टाकतात ते गोठ्यात," साडू म्हणत. "ज्याला वाढायचं त्याच्यापुढं वाकायचं." एरवी कडक असलेला हा मास्तर त्या दिवशी ऐंशी वेळा वाकायचा. त्यांच्या हातून नापास झालेली आणि आता टक्कल पडलेली मुलंही "सर, थोडं अजून" म्हणायची. नापास केलेल्यांपुढे सर जरा जास्तच वाकायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी नेमकं वाकणंच बंद करून टाकलं. त्याच सुमारास मंडळाच्या बैठकीत तरुण सेक्रेटरीने सुचवलं, की आता बुफे ठेवू, बऱ्याच जणांना खाली बसवत नाही. साडूंना वाटलं, सगळा रोख आपल्या पाठीवर. ते तडक उभे राहिले. "हातात ताट घेऊन लाइन लावायची? उद्या म्हणाल, देवाला पण टोकन द्या." सेक्रेटरी त्यांचाच विद्यार्थी. त्याने हात जोडून विचारलं, "सर, पण वरण कोण वाढणार?" "मी." "आणि नाही जमलं तर?" साडूंनी सभेकडे पाहिलं. "एक पान जरी माझ्या हातून राहिलं, तर पुढल्या वर्षी बुफेच्या बाजूने पहिला हात माझा वर. आणि बादलीही तुमची." घरी आल्यावर ताईंनी बजावलं, की बादली हातात दिसली तर मी माहेरी निघून जाईन. साठी उलटलेल्या बायकोच्या तोंडून ही धमकी ऐकून साडूंना गहिवरून आलं, पण हट्ट काही सुटला नाही. वरवर ते हसत होते. चहा पिताना मात्र मला एकटं गाठून हळूच म्हणाले, "साडू, शाळा सुटली, आता हे पण सुटलं तर लोकांनी मला बोलवायचं कशाला?" त्यांचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता. मी तिथेच पाघळलो आणि कटात सामील झालो.

कट असा, की माझ्या घराजवळ कुकटपल्लीत एक तेलुगू फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांच्याकडे गुपचूप तालीम करायची. ताईंना संशय येऊ नये म्हणून साडूंनी जाहीर केलं, की माझी पाठ धरली आहे आणि मला सोबत म्हणून ते आठवड्यातून दोनदा येणार आहेत. माझी पाठ ठणठणीत होती. तरी दीड महिना मी घरात कण्हत फिरलो. बायकोने माझं रविवारचं क्रिकेट बंद केलं, गादी काढून मला फळीवर झोपवलं. ताईंनी डबा भरून मेथीचे लाडू धाडले, आठवणीने खा म्हणून फोनही केला. लाडू मी एकट्याने संपवले.

पहिल्या दिवशी त्या बाईंनी विचारलं, "अंकल, आपको क्या करना है?" तिथे येणारे कुणी जिना चढायचं म्हणतात, कुणी नातवाला उचलायचं. साडू म्हणाले, "अस्सी लोगों को झुक के दाल परोसना है." बाईंना काही उमगेना. करून दाखवा म्हणाल्या. साडूंनी फरशी पुसायची रिकामी बादली उचलली, गुडघे-खांदे-माना घेऊन आलेल्या सहा जणांना चटईवर ओळीने बसवलं आणि हवेतलं वरण वाढत निघाले. खांद्याचा एक पेशंट इतका रंगला की "और थोड़ा" म्हणाला. तिसऱ्या माणसापाशी पाचव्या मणक्याने दगा दिला आणि साडू वाकले ते वाकलेच. "अय्यो अंकल," बाई धावत आल्या, "पीठ से नहीं झुकना. पीठ सीधा रखो, घुटना मोड़ो, कूल्हे से झुको. और नज़र सामने." त्यांनी स्वतः करून दाखवलं. साडू बघतच राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचं वाकत होतो. आणि कुणी लाल शाई मारली नाही." पण मास्तर जातिवंत, दुसऱ्याच दिवसापासून पहिलीच्या पोरासारखे गिरवायला लागले. बाईंनी आणखी दोन अटी घातल्या: बादली अर्धीच भरायची, आणि दर वीस पानांनी थांबून पाच मिनिटं चालायचं.

पंगतीचा दिवस आला. एरवी ताई आणि चार बायका भटारखान्यात राबून शेवटी जेवायच्या. त्या वर्षी आचारी लावला होता, म्हणून त्याही पंगतीत बसल्या. साडूंनी शर्टाखाली पट्टा आवळला आणि बादली उचलली. ताईंनी पाहिलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी खोटी पाठ खरीच दुखायला लागली. मी तुपाचं भांडं घेऊन साडूंच्या मागे होतो. सेक्रेटरी भिंतीला टेकून पानं मोजत होता. पहिली वीस झाली, साडू हॉलला फेरी मारून आले. दुसरी वीस झाली, मग तिसरी. कपाळावर घाम होता, पण पळी हलत नव्हती. एकसष्टावं पान ताईंचं होतं.

साडू नव्या रीतीने वाकले, पाठ सरळ, गुडघे मोडून. जुन्या रीतीत त्यांचे डोळे पानावर असायचे. आता नजर समोर होती, त्यामुळे त्यांना बायको दिसली. ताई मांडी घालून बसल्याच नव्हत्या. एक पाय पदराआड पुढे लांब केलेला, एका हाताचा जमिनीला रेटा, ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं?" साडूंनी विचारलं.

"वाढा. पुढे लोक खोळंबलेत."

"गुडघा?"

"दोन्ही."

"कधीपासून?"

ताईंनी भातात आळं केलं. "चार वर्षं होतील. तुमचे ते दोघं जरा गप्प बसले की सांगणार होते."

साडूंनी वरण वाढलं. एक थेंब उडाला नाही. पुढची एकोणीस पानंही वाढली, त्यातलं एकही राहिलं नाही. सेक्रेटरी हसत हात पुढे करून आला, तर साडू बादली खाली ठेवून उलट, ताईंच्या दिशेने चालायला लागले होते. पंगत उठली तरी ताई बसूनच होत्या. साडूंना कुणालाही ओढून उठवायची मनाई, ताईंना एकटीने उठणं अशक्य. मी पुढे झालो, तर साडूंनी हातानेच मला थांबवलं. एक खुर्ची आणून ताईंच्या समोर ठेवली, ती सरकू नये म्हणून स्वतः तिच्यावर बसले आणि म्हणाले, "धर." ताईंनी आधी त्यांचा गुडघा धरला, मग खांदा, आणि हळूहळू उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना चारचौघांत एकमेकांना धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे पानं उचलण्यात एकदम गर्क झाले. मला त्या मेथीच्या लाडवांची आठवण झाली आणि खरंच शरम वाटली.

या वर्षीच्या बैठकीत टेबल-खुर्च्यांचा ठराव साडूंनीच मांडला. केळीचं पान तेच, वाढपी तेच, फक्त कुणी जमिनीवर बसायचं नाही. सेक्रेटरी चक्रावला. "सर, मागच्या वर्षी तर तुम्ही जिंकलात." "हौ," साडू म्हणाले. "ऐंशी जणांना वाढलं, पण उठताना किती जणांना त्रास झाला ते मोजलंच नव्हतं." पंगत झाली, वरण त्यांनीच वाढलं. टेबलावर वाढायला वाकावं लागत नाही. मला ते जरा सुनं सुनं वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण वाढून झाल्यावर ते रिकामी बादली हातात धरून बराच वेळ उभे होते.

आता आठवड्यातून दोनदा ते ताईंना घेऊन कुकटपल्लीला येतात. परवा मी त्या बाजूने जात होतो. फिजिओथेरपीच्या दाराबाहेरच्या बाकावर साडू बसले होते, मांडीवर ताईंची पर्स, पायाशी ताईंच्या चपला जोडीने ठेवलेल्या. बाक बिनपाठीचा, एरवी त्यांनी त्याला शिवलंही नसतं. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "काय साडू, पाठ काय म्हणतेय?"

"सकाळपासून बघितलीच नाही बघा," ते म्हणाले. "आत तिला पायरी चढायला शिकवायलेत." आणि पुन्हा दाराकडे बघत बसले.