ज्ञानूचं देवदर्शन

ज्ञानू घणसोली गावातला. मिठागरं गेल्यावर त्यानं जुनी अँबेसिडर घेतली आणि कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीसमोर ती उभी करू लागला. शहाण्णव साली मी निवृत्त झालो आणि औरंगाबाद पाहायचं ठरलं. तेव्हा सेक्रेटरी चंद्रशेखर ज्ञानूच्या देखतच म्हणाले, "काका, आधी तुम्ही जाऊन या. तुम्ही बरा म्हणालात, तर सोसायटीच्या सगळ्या ट्रिपा यालाच."

"औरंगाबाद ना? डोले मिटून नेतू," ज्ञानू म्हणाला.

"उघडे ठेवून ने रे बाबा," आमची जयमाला म्हणाली.

औरंगाबादेपर्यंत त्यानं गाडी छान चालवली. आधी मकबरा पाहायचा होता; पण शहरात शिरल्यावर त्याला एकदम भक्ती सुचली. मारुतीचं देऊळ दिसताच थांबला. "काकू, दोन मिन्टां. पाया परून येतू." परत आला आणि आल्या वाटेनं गाडी उलटी वळवली. पुढे दर्गा लागला. डोक्याला रुमाल बांधून आत गेला, बाहेर येऊन डावीकडे वळला. मग बुद्धविहार. मग गुरुद्वारा; तिथून आमच्यासाठीही प्रसादाचा शिरा आणला. एका चर्चला कुलूप होतं, तिथं तो फारच उदास झाला.

मला त्याचं कौतुक वाटलं. सगळे देव सारखे मानणारा माणूस! तसं मी बोलूनही दाखवलं. जयमालानं माझ्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

जुन्या शहराचा तोच दरवाजा तिसऱ्यांदा समोर आला. शेजारी पिराचं ठाणं. ज्ञानूनं ब्रेक दाबला.

"ज्ञानू," ती म्हणाली, "या पिराला तरी नीट विचार. आधीच्या चौघांनी मकबऱ्याचा रस्ता काही धड सांगितलेला दिसत नाही."

ज्ञानूची मान खाली गेली. "काकू, मी हितं पयल्यांदाच आयलू. तुमच्यासमोर रस्ता इचारला तर काका बोलतील, ह्यो कसला ड्रायवर? म्हनून आत जाऊन इचारतू."

"आणि पाया?"

"परलू ना! आधी पाया, मंग रस्ता." मग हळूच म्हणाला, "सेक्रेटरी सायबांना सांगू नका. सगला काम जाईल माजा."

जयमालानं काच खाली केली आणि केळीवाल्याला रस्ता विचारला. दहा मिनिटांत मकबऱ्यापाशी होतो. ज्ञानूलाही तिनं आत नेलं. "हितं पाया परायचा का?" असं त्यानं मला कानात विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर चंद्रशेखर विचारायला आले. "रस्ते माहीत आहेत ना त्याला?"

मी चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"नाहीत," जयमाला म्हणाली. "पण गाडी जपून चालवतो. आणि आता रस्ता विचारतो."

मग चंद्रशेखरांनी स्वतःच्याच घरची कोल्हापूरची ट्रिप त्याला दिली.

निघायच्या दिवशी सामान डिकीत ठेवून ज्ञानू गाडीबाहेर उभा राहिला आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडला, "कोल्हापूरला कुठून जायाचा?"

खिडक्यांतल्या बायकांनी तीन वेगवेगळे रस्ते सांगितले.