टर्नरबाबांची चौथी ओळ

ह्या प्रवासाला सुरुवात झाली कंपनीच्या कँटीनमध्ये, आणि तीही एका स्कॉटिश माणसामुळे. हसू नका, खरंच सांगतेय.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नवीन मशीन बसवायला स्कॉटलंडहून इयन नावाचा इंजिनिअर महिनाभर आमच्याकडे आला होता. एक दिवस वरणभातावर लिंबू पिळता पिळता तो त्यांच्या लाडक्या कवीबद्दल सांगायला लागला. नांगर धरणारा माणूस, पुढे पोटासाठी सरकारी करवसुलीची नोकरी, प्रेमप्रकरणं बरीच, आणि चाळिशीच्या आत सगळं आटोपलं. जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी दर जानेवारीत त्याच्या नावानं पंगती बसतात, जेवणाआधी त्याची कविता म्हणतात. वर्ष संपताना त्याचं गाणं लोक हातात हात घालून गातात. "निम्म्यांना शब्द येत नाहीत, पण गातात सगळे," इयन म्हणाला. "तुमचा असा कोण आहे?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "टर्नरबाबा." पप्पांच्या जुन्या कंपनीतले कामगार कवी, जाऊन बरीच वर्षं झाली.

आणि त्याच टर्नरबाबांनी तेव्हा आमच्या घरची झोप उडवली होती. माझे पप्पा शहात्तर वर्षांचे आहेत. भोसरीच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. कंपनी बंद पडून जमाना झाला. दोन वर्षांपासून त्यांची आठवण विरत चालली आहे. कधी माझं नाव विसरतात, कधी जेवलो का हेच विसरतात. पण रोज दुपारी साडेतीन वाजले की उभे राहतात, बूट मागतात, आणि टर्नरबाबांच्या तीन ओळी खणखणीत म्हणतात:

*तापलं मशीन, तापलं डोकं, पाय झाले जड,*
*आठ तासांचा घाट उतरलो, आता तूच चढ,*
*माठात पाणी, डब्यात भाकर, अर्धी तुला ठेवली...*

इथं गाडी अडते. मग ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. आम्ही म्हणायचो, "आठवा पप्पा, पुढचं आठवा." ते चिडायचे, दारापाशी जायचे, परत यायचे, पुन्हा तीन ओळी. दिवेलागणीपर्यंत हेच चालायचं. एकदा कडी काढून थेट कासारवाडी स्टेशनपर्यंत गेले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारीच एक गोळी सुरू करू, शांत पडून राहतील. रावेतला राहणारा माझा दादा म्हणाला, "ताणू नकोस कल्पना, शुक्रवारपासून देऊया." पडून राहतील! ज्या माणसानं तीस वर्षं उभ्यानं काढली, त्याला पाडून ठेवायचं? मला काही ते सहन होईना. पुढची ओळ मिळाली तर त्यांचा जीव थाऱ्यावर येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हातात होता एकच दिवस, गुरुवार, म्हणजे आमच्या एमआयडीसीची सुट्टी.

तेव्हा ज्यांना हा प्रवास करायचा असेल, त्यांनी गुरुवारच धरा. रस्ते जरा तरी मोकळे असतात. सकाळी आठला स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकलं, आईला सांगितलं, "साडेतीनच्या आत येते," आणि निघाले. आमच्या पिंपळे गुरवहून पवना ओलांडली की लगेच कासारवाडी. टर्नरबाबांची खोली रेल्वेलाइनच्या बाजूच्या चाळीत होती. आता तिथं पार्किंगवाली इमारत आहे. शेजारच्या सुमनमावशी मात्र तिथंच, तळमजल्यावर सापडल्या. आमच्याच विहारातल्या, त्यामुळे चहा, पोहे आणि 'तू किती वाळलीस' हे सगळं ओघानं आलंच.

"बाबा आले तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि एक सदरा," मावशी सांगत होत्या. "कंपनीत टर्नर म्हणून सगळेच टर्नरबाबा म्हणायचे. खरं नाव त्यांच्या बायकोलाच माहीत असेल. कविता करायचे कामाची नोंद करायच्या जॉबकार्डाच्या पाठीवर. वाचून दाखवायचे आणि कार्ड परत कंपनीत जमा."

"मग वही नाही कुठं? पुस्तक?"

"छापू देत नव्हते ना! म्हणायचे, छापलं की लोक पाठ करायचे सोडतात." मावशी हसल्या. "कंपनी बंद झाली त्याच वर्षी गेले बघ. मयतीला तिन्ही शिफ्टची माणसं एकत्र आली होती. एरवी ती एकमेकांना शिफ्ट बदलतानाच काय ती दिसायची."

मी तीन ओळी म्हटल्या आणि पुढचं विचारलं. मावशींना माहीत नव्हतं. त्यांना लग्नातली दोन गाणी येत होती, एक अंगाई येत होती, सगळी बाबांची. ती म्हणायला लागल्या आणि मी चुळबुळत बसले. एरवी हीच गाणी मी तासभर ऐकली असती, पण त्या दिवशी घड्याळ मला चावत होतं. निघताना त्यांनी पत्ता दिला: भोसरीत रफिकभाईंचं गॅरेज, त्यांचे अब्बा बाबांच्याच खात्यात होते.

नाशिक फाट्याचा पूल चढून भोसरीत पोहोचायला वीस मिनिटं लागली. वाटेत एका हॉटेलात मिसळ खाल्ली. तर्री मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. पण खरं सांगू, चव काही कळली नाही.

रफिकभाईंच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

*नट आवळ घट्ट भावा, मन ठेव सैल,*
*गाडी येईल परत, माणूस कुठून येईल?*

"हे टर्नरबाबांचं!" मी ओरडलेच.

"नाही ताई, आमच्या अब्बांचं आहे," रफिकभाई पाना कापडानं पुसत म्हणाले. "लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकलंय."

मी वाद न घालता बाहेर आले. बाहेर एक टेम्पो उभा होता, त्याच्या पाठीवर हेच लिहिलेलं. ड्रायव्हर बीडचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "ह्ये तर पूर्वीपासूनच हाय की, राव." इयनला हे सांगायला हवं, असं वाटलं. त्यांच्या कवीचं नाव तरी शिल्लक आहे. आमच्या कवीच्या ओळी टेम्पोवरून बीडपर्यंत जातात आणि त्याचं नाव भोसरीतच राहिलंय. मला वाईटही वाटलं आणि छाती फुगलीसुद्धा.

चौथी ओळ रफिकभाईंनाही येत नव्हती. पण माझ्या तीन ओळी ऐकून ते थबकले. "अब्बा हे म्हणायचे, पण असं नाही. दोघं मिळून म्हणायचे काहीतरी. चाकणला मेदनकरवाडीत काळेमामा आहेत, त्यांना गाठा. त्या खात्यातले तेवढेच राहिलेत आता." फोन लावला तर लागेना. बारा वाजून गेले होते. गेले तर साडेतीनच्या आत परत येणं अवघड, आणि न जावं तर उद्या शुक्रवार. मी स्कूटरला किक मारली. बटण स्टार्ट आहे, तरी किकच मारली.

मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी. सुट्टी असूनही कंटेनरच्या रांगा होत्याच. चाकणला तळेगाव चौकात वीस मिनिटं अडकले आणि हेल्मेटच्या आत मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या देऊन घेतल्या. मेदनकरवाडीत पोहोचले तेव्हा काळेमामा रोपांच्या नर्सरीत पाइप धरून उभे होते. गावातलं जुनं घराणं. जमीन कारखान्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर आता शोभेची झाडं विकतात. पप्पांचं नाव सांगितल्यावर त्यांनी पाइप तसाच सोडला, पाणी वाहू दिलं.

"व्हय व्हय, माज्याच शेजारच्या मशीनवर हुता तुजा बाप! बराय का?"

मी सगळं सांगितलं. बूट, तीन ओळी, ते टक लावून बघणं, ती गोळी. "मामा, ते पुढचं विसरलेत. चौथी ओळ तेवढी सांगा."

मामांनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाले, "आगं पोरी, त्यो इसारला न्हाई. त्याच्या तीनच ओळी हायेत."

"म्हणजे?" मी विचारलं.

"चौथी रिलीव्हरची. शिफ्ट सुटताना जाणाऱ्यानं तीन म्हणायच्या, येणाऱ्यानं चौथी. ती ऐकल्याबिगर मशीन सोडायचं न्हाई. एकदा काय झालं, एक गडी रिलीव्हर यायच्या आत निघून गेला, मशीन चालूच. बाजूच्याची दोन बोटं गेली. तवा टर्नरबाबांनी ह्ये गाणं बांदलं, समद्या खात्याला पाठ करायला लावलं. आन् तुजा बाप? डबल शिफ्ट करंल, पण रिलीव्हर आल्याबिगर हलायचा न्हाई."

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. दोन वर्षं आम्ही त्या माणसाला 'आठवा, आठवा' म्हणत होतो. त्याला सगळं आठवत होतं. तो आपली ड्यूटी संपवून उभा होता आणि त्याला सोडवायला कोणी येत नव्हतं. मामांनी मला चौथी ओळ सांगितली, तीनदा म्हणून घेतली, आणि हातात जास्वंदीचं एक रोप दिलं. पैसे घेतले नाहीत.

तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. परतीच्या रस्त्याबद्दल वाचकांना उपयोगी असं काही सांगता येणार नाही, मला तो आठवतच नाही. मोशीला सिग्नल लागला होता आणि पायांत जास्वंद हलत होती, एवढंच आठवतं.

घरी पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. दार आईनं आतून लावून त्याला पाठ टेकली होती. पप्पा बूट घालून तिच्यासमोर उभे, डाव्याचा उजव्यात. तिनं मला आत घेतलं. हेल्मेट डोक्यावर, सॅक खांद्यावर, मी तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी म्हटलं, "माठात पाणी, डब्यात भाकर, अर्धी तुला ठेवली..." आणि थांबले, रोजच्यासारखे बघत राहिले.

मी म्हटलं: "*जा गड्या घरी निवांत, ड्यूटी मी घेतली.*"

पप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज उशीर केलास," ते म्हणाले. मग खांद्यावरचा नॅपकिन काढून माझ्या हातात दिला, खुर्चीत बसले, बूट काढले. पाच मिनिटांत ते घोरायला लागले. आई आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकमेकींना धरून रडलो आणि हसलो.

गोळ्यांचं पाकीट आजही कपाटात तसंच आहे. सगळे दिवस काही सोपे जात नाहीत. सकाळी ते अजूनही मला ओळखत नाहीत, आणि कधीकधी चौथी ओळ दोनदा म्हणावी लागते. पण संध्याकाळ आता आमच्या घरात शांतपणे येते. इयन परत जाताना त्याला हे सांगितलं, तर त्यानं ती ओळ स्कॉटिश उच्चारात पाठ केली आणि विमानतळावरून रेकॉर्ड करून पाठवली. टर्नरबाबा खूश झाले असते. तुम्ही कुणी ह्या वाटेनं गेलात तर रफिकभाईंच्या भिंतीचा फोटो जरूर काढा, पण ते कुणाचं यावरून त्यांच्याशी भांडू नका.

गुरुवारी रिलीव्हर मी असते. बाकीचे दिवस मी कंपनीत, म्हणून आई. पहिल्या दिवशी तिनं ओट्यावरून हात पुसत येऊन चौथी ओळ म्हटली, तेव्हा पप्पांनी तिला आदरानं विचारलं, "नवीन आलात का खात्यात?"

"नाही हो, जुनीच आहे," आई म्हणाली. "मस्टरवर नाव नव्हतं, एवढंच."