ताईच्या तुरीचं वरण

कळमन्याच्या बाजारात माझी अडत आहे. शेतकऱ्यांची तूर लिलावात विकून देणं हे माझं काम. ताई उमरेडकडे राहते, तूर स्वतः पेरते. दरवर्षी नव्या तुरीचं एक पोतं ती माझ्याकडे पाठवते, मी गिरणीतून डाळ करून आणतो आणि अक्षय तृतीयेला ती आली की त्याच डाळीचं वरण तिला वाढतो. आमच्यासाठी सण म्हणजे एवढंच.

यंदा बाजारात एकच चर्चा होती. ब्राझीलशी व्यापाराचा करार वाढणार, तिकडच्या तुरीला कायमची वाट मोकळी होणार. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्या डाळीचा नमुना पाठवला. मी पिशवी घरी आणून ओट्यावर ठेवली, आणि बायकोने सणाला नेमकी तीच शिजवली. माझ्या लक्षात आलं तेव्हा ताई पाटावर बसली होती. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं.

भातावर वरण, वर तूप. पहिल्याच घासाला तिने डोळे मिटले.

"पाह्य गा, याले म्हणतात तूर! येऊ दे त्या ब्राझीलवाल्याले. असं वरण त्याच्या बापानं तरी खाल्लं का?"

आम्ही हसलो.

"मी तं ठरवूनच राहिली. यंदा सगळ्या वावरात तूर."

मी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. तिचं अख्खं वावर माझ्या गप्प बसण्यावर पेरलं जाणार होतं. ब्राझीलचा माल येऊन भाव पडले तरी माझी अडत चालणारच होती. अडणार होती ती तिची तूर.

"ताई, हे तुही तूर नाही. ब्राझीलची आहे."

तिचा हात थांबला. "अन् माही?"

"डब्यात आहे."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुले आवडलं म्हणून." मग उरलेलंही सांगून टाकलं. "आणि तो माल मी घेणार आहे म्हणून."

"लहानपणी दही खाऊन मांजरीचं नाव सांगे, तसाच राहिला तू." तिने सावकाश आणखी एक घास घेतला. "चव चांगली आहे मेल्याची. आता अर्ध्याच वावरात तूर. बाकीच्यात काय पेरू ते तू सांग. पण खरं सांग, मले गोड वाटावं म्हणून नको."

संध्याकाळी तिने स्वतःची डाळ शिजवली, दोन्ही वरणं शेजारी ठेवली आणि मला डोळे मिटायला लावले. मी दोन्ही चाखली.

"ओळख."

"नाही ओळखू येत, ताई."

तिने माझं ताट पुढे ओढलं. मग दोन्ही वाट्या माझ्या भातावर ओतल्या.

"खाय मंग," म्हणाली, आणि वर तूप वाढलं.