दादांसाठी सोपा बॉक्स

उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरायचा आणि उरलेल्या बोटांनी रिमोट चालवून पाहायचा, असं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या अंबडच्या दुकानात असे एक काका यायचे. एक रिमोट झाला की दुसरा मागायचे आणि मधूनच म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय, ताई. ज्याला लागतंय त्यानं पाहावं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. ज्या गोष्टीशी आपला काही संबंध नाही असं ते सांगत, तिच्यापायी अख्खी दुपार दुकानात बसून राहत.

काका एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आमच्याच गल्लीत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी सासरी. माझे यजमान गावोगाव टीव्हीच्या छत्र्या बसवत फिरायचे आणि मी काउंटर सांभाळायचे. टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून ठेवणारे बॉक्स तेव्हा नुकतेच आमच्याकडे आले होते. काकांना तसला एक हवा होता, शहागडच्या थोरल्या भावासाठी.

या दादांचा अंगठा मळणीयंत्रात गेला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. संध्याकाळी त्यांचं कीर्तन लागायचं, नेमक्या त्याच वेळी सुनेची मालिका. घरात टीव्ही एक, त्यामुळे रोज तंटा. सुनेनं हे काकांना फोनवर सहज सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काका दुकानात हजर.

"इतकं सोपं द्या, की कुणाला इचारायची गरजच पडायला न्हाई पाहिजे."

"तुम्ही आहात की दाखवायला," मी म्हटलं.

"मी? आमचं बोलणं न्हाई."

त्यांची आई गेली तेव्हा काका ड्यूटीवर होते. निरोप मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादांनी थांबायला पाहिजे होतं, असं काकांचं म्हणणं. यानं लवकर यायला पाहिजे होतं, असं दादांचं. त्यानंतर बसनं तासाभराच्या वाटेवर असलेल्या त्या घराचा उंबरा काकांनी ओलांडला नव्हता.

पहिला रिमोट पाहून ते म्हणाले, "हे काय इमान चालवायचंय का?" दुसरा बॉक्स प्रत्येक बटणानंतर इंग्रजीत काहीतरी विचारायचा. "जमायचं न्हाई. आमचे दादा मराठीत इचारल्यालं ऐकत न्हाईत." शेवटी एक सापडला. लाल बटण दाबलं की साठवतो, हिरवं दाबलं की दाखवतो. त्यात जागा मात्र थोडी होती. तसं मी सांगितलंही.

"कीर्तनाला अशी कितीक जागा लागती?" काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "माझं नाव सांगू नका. कंपनीच्या योजनेत लागला म्हणून सांगा."

यजमान बॉक्स बसवून आले तर काका दुकानात वाट पाहत बसलेले.

"काही इचारलं का दादांनी?"

"न्हाई. एकदा दाखवलं, लगेच जमलं त्यांना."

"बराबर. सोपंच होतं ते," काका म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मग ते रोजच येऊ लागले. फोन आल्ता का? काही बिघडलं का? रिमोट पडला-बिडला का? शहागडहून एकही तक्रार नव्हती. आमच्या धंद्यात याचा आनंद होतो. काकांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता. एके दिवशी काउंटरवर वाकून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, याच्यापेक्षा जरा अवघड न्हाई का एखादं?"

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते, म्हणून मी आवरलं.

पुढं दादांनीच सोय केली. बॉक्स भरला. जुनं पुसल्याशिवाय नवं घेईना, आणि दादा पुसू देईनात. कीर्तन पुसायचं म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं. घरात पुन्हा तंटा सुरू झाला आणि सुनेचा फोन आला. यजमान राजूरकडं गेलेले. मी काकांना म्हटलं, "तुम्हीच जाऊन या."

"आपल्याला काय करायचंय," काका म्हणाले, आणि पिशवी आणायला घरी गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. दादा बाजेवर बसले होते. यांना दारात पाहून त्यांनी आत आवाज दिला, "सूनबाई, योजनावाले आले. चहा ठेव." एवढंच. मग दोघं टीव्हीसमोर बसले. पुसायला दादा तयार झाले, पण एका अटीवर: प्रत्येक कीर्तन आधी पुरतं ऐकायचं, मगच पुसायचं. दुसरं कीर्तन चालू असताना दादा टीव्हीकडंच पाहत म्हणाले, "त्या दिवशी ऊन लई होतं. लोक थांबेनात. मी म्हणत राह्यलो होतो, थांबा."

"मंग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? कीर्तन चालू होतं."

दिवसभर बसून ते जेवढं पुसायचे, तेवढं संध्याकाळी पुन्हा साठायचं. त्यामुळे काम काही संपेना. काका आधी आठवड्याला जात, मग दिवसाआड, मग कपड्यांची पिशवी तिकडंच राहिली. गल्लीतल्या त्यांच्या घराला भाडेकरू आला.

आता काका नाहीत. एका पावसाळ्यात शहागडलाच गेले, दादांच्या आधी. त्याच्या आदल्या वर्षी मी शहागडला एका लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडं डोकावले. कीर्तन मोठ्या आवाजात चाललेलं. दादा बाजेवर बसल्या बसल्या गाढ झोपलेले, काका शेजारी खुर्चीत. मी म्हटलं, "काका, हे झोपलेत. पुसून टाका की." त्यांनी हातानंच मला गप्प राहायला सांगितलं. कीर्तन संपत आलं तसे दादा दचकून जागे झाले.

"कुठवर आलं रे?"

"आत्ताच सुरू झालंय, दादा," काका म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.