टेबलाखालचा पाट

मंडळी, तुमच्यापैकी पाठदुखीवाले किती? हे तुमच्यासाठी.

महिनाभर पाठ धरली होती, म्हणून काल एकदाची चांगली खुर्ची आणली. पण तारनाक्याच्या आमच्या घरातलं टेबल उंच. त्याच्या बरोबरीने खुर्ची वर घेतली तर माझे पाय लोंबकळायला लागले. मग आज सकाळी इंजिनियरिंगची दोन जाडजूड पुस्तकं पायाखाली घेतली.

आई चहा घेऊन आली आणि थबकलीच. "अगं, पुस्तकांवर पाय? लाज आहे का काही!" पुस्तकं उचलली, पदराने पुसली आणि तडक निघून गेली.

थोड्या वेळाने परत आली ती पाट घेऊन. दर वाढदिवसाला आम्हा भावंडांना ज्याच्यावर बसवून ती ओवाळते, तोच. लहानपणी त्याला चुकून पाय लागला तरी ओरडा बसायचा.

"आई, याच्यावर पाय कसे ठेवू?"

ती गुडघे धरत खाली बसली, पाट आत सरकवला आणि माझे पाय स्वतःच्या हातांनी उचलून त्यावर ठेवले. "पुस्तकं सरस्वतीची. पाट तुमचाच आहे गं. मी ओवाळते ते तरी कशासाठी? तुम्हाला बरं असावं म्हणूनच ना?"

दुपारी ऑनलाइन मीटिंगला बसताना पाटाला पाय लागला, तशी सवयीने वाकले, पाटाला हात लावून कपाळाला लावला. कॅमेरा चालूच होता. मॅनेजर हसत त्याच्या दखनीत म्हणाला, "नीचे किसकू नमस्ते कर रै मॅडम?"

म्हटलं, "आईला."